हरलेल्या जर्मनीतले अमेरिकन सैनिकांचे फोटो : मागची माणसं दुसरीकडे का बघतात?

मृदुला_जो

मार्च १९४५. ऱ्हाइन नदीवर सांक्ट गोआर गावाजवळ एक होडी. ८९ व्या इन्फंट्री डिव्हिजनचे सैनिक होडीच्या तळाशी एकमेकांना चिकटून दबून बसलेत, कारण समोरच्या काठावरून गोळीबार चालू आहे. हा फोटो बघितला की मला तो कळतो. जीव मुठीत धरून बसलेली माणसं आहेत, आणखी काही समजावून सांगावं लागत नाही.

मी अडते ती त्यानंतरच्या फोटोंपाशी. एप्रिल-मे १९४५. पडक्या रस्त्यावर हसणारे सैनिक, हातात पकडलेला स्वस्तिकाचा झेंडा. बेर्श्टेसगाडेनला हिटलरच्या डोंगरावरच्या घराच्या गच्चीत दारूच्या बाटल्या घेऊन बसलेली पोरं. आणि मागे कुठेतरी हातगाडी ओढणारी बाई, खिडकीतून लोंबणारी पांढरी चादर, भिंतीला टेकलेला म्हातारा. सैनिक त्यांच्याकडे बघत नाहीत आणि ती माणसं सैनिकांकडे बघत नाहीत. एकमेकांशी बोलताना तर फारच क्वचित दिसतात.

माझा प्रश्न असा, की खरोखरच तसं होतं, की आपल्यापर्यंत तेवढेच फोटो पोचले? जाणकारांनी लिहावं. ज्यांनी ही ठिकाणं पाहिली आहेत त्यांनी तर जरूर.

बंडूनाना

विषय उत्तम. वाचतोय.

निनाद_के

मृदुलाताई, दोन्ही खरं आहे.

अमेरिकन सैन्याने ११ सप्टेंबर १९४४ ला जर्मन हद्दीत पहिलं पाऊल ठेवलं. लगेच दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर याचा हुकूम निघाला : जर्मन नागरिकांशी कसलीही सलगी नको. हस्तांदोलन नाही, त्यांच्या घरी जायचं नाही, गप्पा नाहीत, पोरांना चॉकलेटसुद्धा नाही. मोडला तर ६५ डॉलर दंड. साध्या शिपायाचा मूळ पगार तेव्हा महिन्याला ५० डॉलर होता, म्हणजे एका संभाषणात महिन्याचा पगार जाऊन वर कर्ज.

तरीही सुरुवातीच्या त्या आठवड्यांत काही फोटो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत छापून आले. सीमेवरच्या खेड्यातले जर्मन लोक आणि हसतमुख अमेरिकन शिपाई. वॉशिंग्टनमध्ये त्यावरून बराच संताप झाला. ज्यांची मुलं त्याच शत्रूशी लढताना मेली होती त्या घरांत हा पेपर सकाळी पडत होता, हे लक्षात घ्या. त्यानंतर असे फोटो प्रसिद्ध करायलाच बंदी आली. म्हणजे बोलायला बंदी, आणि बोलताना दिसायलाही बंदी. तुम्हाला जे अंतर दिसतंय त्यातलं काही माणसांनी पाळलेलं आहे, काही सेन्सॉरच्या टेबलावर तयार झालेलं आहे.

बंदी पुढे टप्प्याटप्प्याने उठली. जून १९४५ मध्ये लहान मुलांशी बोलायला परवानगी मिळाली, जुलैत रस्त्यावर मोठ्यांशीही, आणि ऑक्टोबरपासून जवळजवळ सगळंच सुटलं. लग्नाला मात्र डिसेंबर १९४६ उजाडला.

बंडूनाना

म्हणजे आधी दीड वर्ष नुसती ओळख परेड!

निनाद_के

नाना :) सैनिकांनीही त्यावर विनोद केलेच होते. रेडिओवर तेव्हा ६४ डॉलरच्या बक्षिसाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम गाजत होता. त्यावरून एखाद्या मुलीशी बोलायला जाणं याला पोरं ‘६५ डॉलरचा प्रश्न’ म्हणायची.

स्पष्टवक्ता

मला या धाग्यातला सूर पटत नाही. ‘मागे उभी असलेली बिचारी बाई’ असं काहीतरी मनात धरून आपण फोटो बघतोय. त्याच बाईच्या गावापासून पाच-सात किलोमीटरवर नाझींची छळछावणी होती.

१२ एप्रिल १९४५ ला आयझेनहॉवर आणि त्याचे सेनापती ब्रॅडली आणि पॅटन ओरड्रुफची छावणी बघायला गेले. अमेरिकन सैन्याच्या हाती लागलेली ही पहिली नाझी छावणी. पॅटनसारखा रणगाड्यांचा सेनापती, तोही प्रेतांनी भरलेल्या एका शेडमध्ये शिरू शकला नाही. आयझेनहॉवरने ठरवून सगळं पाहिलं आणि वॉशिंग्टनला सैन्यप्रमुख जॉर्ज मार्शलला कळवलं, की उद्या कुणी हा सगळा प्रचार होता असं म्हणायला लागला तर स्वतः साक्ष देता यावी म्हणून मी मुद्दाम गेलो. मग त्याने अमेरिकेतून खासदार आणि संपादक बोलावून घेतले, फोटोग्राफर लावले. तिथले फोटो पुरावा म्हणूनच काढलेले आहेत.

१६ एप्रिलला वायमारच्या नागरिकांना बुखेनवाल्ड छावणीतून चालवत नेलं, त्याचे फोटो बघा. काही बायकांनी तोंडावर रुमाल धरलेत, काहींनी मान फिरवली आहे. मृदुलाताई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हेही आहे. ती माणसं नजर चुकवत होती, कारण आता बघणं भाग पडणार होतं.

मृदुला_जो

स्पष्टवक्ता, मी ‘बिचारी’ हा शब्द वापरलेला नाही. वायमारचे फोटो मी पाहिले आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात कसलाही संभ्रम नाही. मी विचारते आहे ते त्या हातगाडी ओढणाऱ्या बाईबद्दल, जिच्याबद्दल फोटो काहीच सांगत नाही. ती गुन्हेगार होती की तिचा नवरा छावणीत मेला होता, हे त्या चौकटीत कुठेच नाही.

शर्वरी

वायमारचे फोटो काढणाऱ्यांत मार्गारेट बुर्क-व्हाइट होती, ‘लाइफ’ मासिकाची. तिने नंतर लिहिलंय, की त्या दिवशी हातात कॅमेरा असणं हीच सुटका वाटत होती, कारण तिच्या आणि समोरच्या भयंकराच्या मध्ये निदान काहीतरी होतं.

आणि हीच बाई पुढच्याच वर्षी आपल्याकडे आली! १९४६ मध्ये पुण्यात तिने गांधीजींचा चरख्याजवळ बसून वाचतानाचा तो फोटो काढला, जो आपण शाळेच्या भिंतीपासून सगळीकडे पाहिलाय. फोटो काढण्याआधी तिला सूत कातायला शिकावं लागलं, अशी अट घातली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या दंगलीनंतरचे रस्ते, मग फाळणीचे लोंढे. बुखेनवाल्डचे आणि कलकत्त्याचे फोटो शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे ती कॅमेरा खाली करत नाही, इतरांनी जिथून नजर वळवली असती तिथेही नाही.

जुना_वाचक

शर्वरी, पुण्याचा संदर्भ माहीत नव्हता. धन्यवाद.

कॅमेरावेडा

फोटो कुणी आणि कशाने काढला हे बघितल्याशिवाय या चर्चेला अर्थ नाही, म्हणून थोडं लिहितो.

सैन्याचे अधिकृत फोटोग्राफर सिग्नल कोअरचे, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन विभागाचे. त्यांच्याकडे बहुतेक वेळा स्पीड ग्राफिक, चार बाय पाच इंचाची शीट फिल्म. जाडजूड कॅमेरा, एका होल्डरमध्ये दोनच शीट. दोन फोटो काढले की होल्डर बदला. अशा कॅमेऱ्याने गोळीबारात धावत फोटो काढणं किती कठीण असेल! म्हणून त्यातले बरेच फोटो शांतपणे उभं करून काढल्यासारखे दिसतात, कारण ते तसेच काढलेले असतात. फिल्म मागे जायची, धुतली जायची, सेन्सॉर बघायचा, मग मागे टंकलेली ओळ चिकटायची : तुकडी, ठिकाण, तारीख, फोटोग्राफरचं नाव.

दुसरे फोटो सैनिकांचे स्वतःचे. टोनी व्हाकारो हे नाव शोधा. ८३ व्या डिव्हिजनमधला पायदळाचा शिपाई. सिग्नल कोअरने त्याला घेतलं नाही, तेव्हा त्याने रायफलीबरोबर स्वतःचा आर्गस सी-३ नेला. हा पस्तीस मिलिमीटरचा स्वस्त कॅमेरा, आकारामुळे लोक त्याला ‘वीट’ म्हणायचे. पडलेल्या फोटोच्या दुकानांतून रसायनं शोधायची, रात्री सैनिकांच्या हेल्मेटांमध्ये ती कालवायची, फिल्म धुवायची आणि झाडाच्या फांदीवर वाळत घालायची. असे हजारो फोटो. त्याच्या फोटोंना तेव्हा मधे कुणी सेन्सॉर नव्हता, म्हणून त्यात मेलेला अमेरिकनही दिसतो आणि जर्मन माणूसही समोरून, जवळून दिसतो. युद्धानंतर तो १९४९ पर्यंत जर्मनीत राहिला. फ्रँकफर्टला युद्धावरून परतलेला, पडलेल्या घरासमोर चेहरा हातांत घेऊन बसलेला जर्मन सैनिक हा त्याचाच फोटो. २०२२ मध्ये, शंभरी पूर्ण करून तो गेला.

लायका या जर्मन कॅमेऱ्याबद्दल नंतर वेगळं लिहीन. वेट्सलारचा कारखाना मार्च १९४५ च्या शेवटी अमेरिकनांच्या हाती आला आणि मग सिगारेटच्या बदल्यात लायका असा बाजार सुरू झाला…

बंडूनाना

वेडेसाहेब, लायकाला हात लावलात की धागा उद्या लेन्सवर जातो. आधी फोटोतल्या माणसांचं होऊ द्या!

लाइपझिगची_अवंती

मी इथे नोकरीनिमित्त राहते, म्हणून लिहिते. १८ एप्रिल १९४५, लाइपझिग. युद्धाचे फोटो काढणारा रॉबर्ट कापा एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होता. बाल्कनीत दोन अमेरिकन सैनिक मशीनगन लावून खालचा पूल राखत होते. कुठूनतरी एक गोळी आली आणि त्यातला एक, रेमंड बोमन, वय २१, तिथल्या तिथे गेला. कापाने पुढचे फोटो काढले : दारात पडलेला देह, लाकडी जमिनीवर पसरत जाणारं रक्त, त्याच्या जागी गनवर बसणारा दुसरा. ‘लाइफ’ने मे महिन्यात ते छापले, नाव न देता. घरच्यांनी कॉलरवरच्या छोट्या पिनवरून ओळखलं.

ती इमारत अजून उभी आहे. पडायला आली होती, गावातल्या लोकांनी धडपड करून वाचवली. आता तिला कापा हाउस म्हणतात, तिथे एक लहानसं प्रदर्शन आहे, आणि शेजारच्या रस्त्याला बोमनचं नाव दिलंय. ट्राममधून जाताना मी बरेचदा तिकडे वर बघते. अगदी साधी जुनी बाल्कनी आहे, कुणाच्याही घराला असते तशी.

आणखी एक सांगावंसं वाटतं. अमेरिकन इथे जेमतेम अडीच महिने होते. जुलैच्या सुरुवातीला शहर सोव्हिएत सैन्याच्या ताब्यात गेलं. पुढची चाळीस वर्षं या शहराच्या कहाणीत अमेरिकन सैनिकाला फारशी जागा नव्हती. त्या रस्त्याला त्याचं नाव मिळायला सत्तर वर्षं लागली, ती काय उगीच नाही.

स्पष्टवक्ता

अवंती, प्रतिसाद आवडला. मूळ फोटो मी अनेकदा पाहिला होता, पण तो फ्लॅट कुणाचा होता हा विचार कधी केला नाही. कुणाच्यातरी दिवाणखान्यात ते रक्त पडलंय.

न्यूर्नबर्गकर_पराग

न्यूर्नबर्गबद्दल. झेपेलिनफेल्ड या नाझी मेळाव्यांच्या मैदानावरचं मोठं स्वस्तिक २२ एप्रिल १९४५ ला सुरुंग लावून उडवलं, ते चित्रण बहुतेकांनी पाहिलं असेल. ते उत्स्फूर्त नव्हतं. कॅमेरे आधी लावले, मग वात पेटवली. मला यात काही वावगं वाटत नाही. त्याच मैदानात नाझींनी वर्षानुवर्षं सगळं कॅमेऱ्यासाठीच रचलं होतं, तेव्हा त्याचा शेवटही कॅमेऱ्यासमोरच व्हायला हवा होता.

नंतर अमेरिकन सैन्य तेच मैदान खेळायला वापरत असे. आज पायऱ्यांवर मुलं बसलेली असतात, कुणी भिंतीवर टेनिसचा चेंडू मारत असतं.

निनाद_के

रचलेल्या फोटोंचा विषय निघालाय तर टोरगाऊ घ्या. एल्बे नदीवरच्या तुटलेल्या पुलावर अमेरिकन आणि सोव्हिएत सैनिक हात पुढे करून भेटतायत, हा फोटो. भेट झाली २५ एप्रिलला, फोटो आहे दुसऱ्या दिवशीचा, फोटोग्राफर पोचल्यावर पुन्हा जुळवून आणलेला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिली भेट टोरगाऊला झालीच नाही. त्याच दिवशी सकाळी, थोडं वर स्ट्रेला इथे, अमेरिकन लेफ्टनंट कोत्झेबूची तुकडी नदी ओलांडून गेली. तिथल्या काठावर निर्वासितांची प्रेतं पडलेली होती, बायका, मुलं, सामानाच्या गाड्या. तिथे आनंदाचा फोटो काढता येणं शक्य नव्हतं. जगाने पाहिला तो तुटलेला पूल आणि हसणारे चेहरे. माझ्यासाठी १९४५ च्या सगळ्या फोटोंमधली सर्वात मोठी गोष्ट हीच आहे, की कुठला काठ फोटोत आला आणि कुठला आला नाही.

जुना_वाचक

हे वाचून अंगावर काटा आला.

शर्वरी

‘व्होग’ मासिकाची युद्धछायाचित्रकार ली मिलर, तिचा फोटो कुणीच कसा आणला नाही? म्युनिकमध्ये हिटलरच्या फ्लॅटमधल्या बाथटबमध्ये बसलेली ती. ३० एप्रिल १९४५, ‘लाइफ’च्या डेव्हिड शर्मनने काढलेला. टबच्या कडेला हिटलरचा फोटो, खाली पायपुसण्यावर तिचे बूट, आणि त्या बुटांवर डाखाऊचा चिखल. आदल्याच दिवशी डाखाऊची छावणी मुक्त झाली होती. त्याच ३० एप्रिलला बर्लिनमध्ये हिटलर मेला, पण हे दोघांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

हा फोटो पूर्णपणे रचलेला आहे. बूट तिथे ठेवले आहेत, हिटलरची तसबीर तिथे ठेवली आहे. तरी मला तो या सगळ्यांत खरा वाटतो, कारण काय रचलंय ते लपवलेलं नाही.

स्पष्टवक्ता

शर्वरी, इथे मी सहमत नाही. पुरावा तो पुरावा, रचना ती रचना. आज जे लोक ‘छावण्या झाल्याच नाहीत’ म्हणतात त्यांना हवंच असतं की आपण म्हणावं, रचलेला फोटोही खराच. ओरड्रुफचा फोटो आणि बाथटबचा फोटो एका ओळीत बसत नाहीत.

शर्वरी

एका ओळीत मी बसवत नाहीये. ली मिलरने डाखाऊचेही फोटो काढले, जे कुठेही रचलेले नाहीत, आणि तिनेच संपादकांना कळवलं की हे खरं आहे यावर विश्वास ठेवा. दोन वेगळी कामं एकाच बाईने लागोपाठ केली. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही एवढंच म्हणणं.

अपशिंगेकर

मी साताऱ्याकडचा. आमच्या गावातून दोन्ही महायुद्धांत घरटी माणूस गेला. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत इटलीत होते. नामदेव जाधवांना सेनिओ नदीवर ज्या ९ एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच आघाडीवर. आजोबांचा युद्धातला एकही फोटो घरात नाही. आर्गस नाही, लायका नाही. फक्त पदकं आणि पेन्शनची कागदं.

अमेरिकन फोटोओळी वाचताना माझं लक्ष एका गोष्टीकडे जातं. शिपायाचं नाव असतं, हुद्दा असतो आणि गावाचंही नाव असतं, कारण त्या गावच्या वर्तमानपत्रात तो फोटो छापायचा असतो. आईने बघावा म्हणून. इटलीतले आमच्या लोकांचे जे फोटो मी बघितले, त्यांत बरेचदा नुसतं ‘मराठा जवान’. मृदुलाताईंच्या फोटोतल्या जर्मन बाईला नाव नाही, ती शत्रूकडची. आमच्या माणसांना नाव नाही, ते तर त्यांच्याच बाजूने लढत होते. याचं मला वाईट वाटतं आणि रागही येतो.

मृदुला_जो

अपशिंगेकर, तुमचा प्रतिसाद परत परत वाचला. तुमच्या आजोबांबद्दल जे आठवतं ते इथे लिहाल का? वेगळा धागा काढलात तरी चालेल.

बंडूनाना

काढाच. आम्ही सगळे येऊ.

जुना_वाचक

नावांवरून : काळ्या अमेरिकन सैनिकांचं काय? त्यांचे फोटो फार कमी दिसतात.

निनाद_के

कमी आहेत, पण आहेत. एक प्रसिद्ध : एप्रिल १९४५, १२ व्या आर्मर्ड डिव्हिजनमधला काळा सैनिक जंगलात पकडलेल्या नाझी कैद्यांवर पहारा देतोय. दुसरा, मार्चमधला, ईस्टरच्या सुमाराचा : दोघे काळे तोफखान्याचे सैनिक तोफगोळे घेऊन बसलेत आणि त्यावर ‘हिटलरसाठी ईस्टरची अंडी’ असं लिहिलंय.

पण सैन्य तेव्हा रंगावरून विभागलेलं होतं. १९४४ च्या हिवाळ्यातल्या आर्डेनच्या लढाईत पायदळ इतकं कमी पडलं की काळ्या स्वयंसेवकांच्या प्लॅटून गोऱ्या कंपन्यांना जोडाव्या लागल्या, तेव्हा कुठे दोन हजारांवर लोक आघाडीवर आले. युद्ध संपताच त्यातले बरेच परत आपापल्या वेगळ्या तुकड्यांत. विभागणी संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमनने काढला तो जुलै १९४८ मध्ये. त्या पहाऱ्यावरच्या सैनिकाने वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या राजवटीच्या कैद्यांवर बंदूक रोखली आहे, आणि त्याच्या स्वतःच्या देशात दक्षिणेकडच्या उपाहारगृहांत जर्मन युद्धकैद्यांना आत बसून जेवता येत होतं, काळ्या अमेरिकन शिपायाला मागच्या दाराने. तेव्हाच्या सैनिकांच्या मासिकात एका काळ्या शिपायाचं हेच विचारणारं पत्र छापून आलं होतं.

कॅमेरावेडा

मूळ प्रश्नाकडे येतो. मृदुलाताई, जून ते डिसेंबर १९४५ चे फोटो वेगळे काढून बघा. निनाद यांनी दिलेल्या तारखांच्या दोन्ही बाजूंना फोटो बदललेले दिसतील. मुलांशी बोलायला परवानगी मिळाल्यावर पोरं एकदम चौकटीच्या मधोमध येतात. जीपभोवती घोळका, च्युइंगगम मागणारे हात. शरद ऋतूपासून बागेतल्या बाकावर जोडपी दिसायला लागतात. पण म्हणून माणसं एकाएकी बदलली असं समजू नका. त्याआधीही ती बोलत होतीच, दंड भरून किंवा न सापडता. फरक पडला तो असा फोटो छापता येण्यात.

स्पष्टवक्ता

हे मान्य. पण एप्रिलची नजर चुकवणारी माणसं आणि ऑक्टोबरची हसणारी माणसं एकच आहेत, हेही फोटो बघताना विसरू नये. सहा महिन्यांत ती निर्दोष झाली नाहीत.

मृदुला_जो

विसरणार नाही. पण हातगाडीवाल्या बाईचं मी ठरवून टाकणारही नाही.

लाइपझिगची_अवंती

ताई, फोटोओळीत गावाचं नाव असेल तर मला पाठवा. इथल्या बऱ्याच लहान शहरांची स्वतःची अभिलेखागारं आहेत आणि ‘आमच्या रस्त्याचा १९४५ चा फोटो’ म्हटलं की तिथली माणसं आस्थेने शोधून देतात. कोणतं दुकान, कोणतं घर, कधीकधी माणूसही.

मृदुला_जो

वेर्नबेर्ग, २२ एप्रिल १९४५. धुराने भरलेला रस्ता, रणगाडा, आडोसा धरून पुढे सरकणारं पायदळ. त्यात बाई नाही, पण उजवीकडची घरं स्पष्ट दिसतात. हातगाडीच्या फोटोवर फक्त ‘जर्मनीत कुठेतरी’ लिहिलंय, पण मागे चर्चचा मनोरा आहे. दोन्ही पाठवते.

न्यूर्नबर्गकर_पराग

वेर्नबेर्ग माझ्यापासून फार लांब नाही. रविवारी गाडी काढून जाऊन येतो, त्याच कोपऱ्यावरून फोटो काढायचा प्रयत्न करतो. मनोऱ्याचा फोटो मलाही पाठवा, इकडच्या भागातला असेल तर ओळखणारं कुणी ना कुणी भेटेल.

कॅमेरावेडा

परागराव, मूळ फोटो गुडघ्याच्या उंचीवरून काढल्यासारखा वाटतो. खाली बसून बघा.